इंजाचा पोशाख

केह्वाची शिट्टी बिघडली आहे हे आधी माझ्या कानाला कळलं, मग तिच्या सासूला, आणि सगळ्यांत शेवटी खुद्द केह्वाला.

पाण्याखालून वर आलं की आम्ही कोंडलेला दम सोडतो, तेव्हा ओठांतून शिट्टी निघते. प्रत्येकीची वेगळी. माझी म्हणे म्हाताऱ्या बोक्यासारखी आहे. असेल. पण डोळे मिटून बसले तरी कोण वर आलं आणि कोण अजून खाली आहे, हे मी सांगू शकते. केह्वाची शिट्टी लांब आणि सरळ होती. बाळंतपणानंतर ती पुन्हा समुद्रात यायला लागली आणि थोड्याच दिवसांत ती शिट्टी मधेच तुटू लागली. अर्धा दम बाहेर, मग कण्हल्यासारखा एक आवाज, मग उरलेला दम.

अशी तुटकी शिट्टी मी त्याआधी एकदाच ऐकली होती. तिच्या नणंदेची, इंजाची, आदल्या वर्षी. तेव्हा इंजाही तान्ह्या पोराची आई होती. मग एका दुपारी इंजाची शिट्टी आलीच नाही. पोर तिच्या सासरच्यांनी नेलं.

इंजा ही छुनबोकची मुलगी, आणि छुनबोक म्हणजे केह्वाची सासू, आमच्या गावच्या बुडी मारणाऱ्या बायकांची म्होरकी. आज खाडीबाहेर जायचं की नाही, कोणी कुठं उतरायचं, हे ती आभाळाकडे बघून ठरवायची आणि आम्ही मुकाट ऐकायचो. मी आणि छुनबोक एकाच उन्हाळ्यात पोहायला शिकलो. ती खोल जायला शिकली, मी तोंड चालवायला शिकले.

आमच्या तरुणपणी आम्ही सुती कपड्यांत उतरायचो. थोड्या वेळात दातावर दात वाजायला लागायचे, की काठावर येऊन बुलतोकमध्ये शिरायचं. बुलतोक म्हणजे वारा अडवायला रचलेलं दगडांचं कडं आणि मधे शेकोटी. तिथं अंग शेकायचं, घरून कोणीतरी आणलेल्या पोराला पाजायचं, हजर नसलेल्या बायकांची उणीदुणी काढायची, आणि पुन्हा पाण्यात. मग ओसाकाला कामाला गेलेल्या नातेवाइकांनी रबरी पोशाख पाठवायला सुरुवात केली आणि सगळं बदललं. थंडी वाजेना. होडी आम्हाला लांबच्या खडकांवर नेऊन सोडायची ती दिवस कलल्यावर परत आणायची. शंख दुप्पट, खडकाला चिकटणारे अबलोन शिंपले दुप्पट. शेकोटी मात्र सकाळ-संध्याकाळ कपडे बदलण्यापुरती उरली.

केह्वाच्या अंगावर होता तो पोशाख इंजाचा. होय, त्याच इंजाचा. गावात कुजबुज झाली. बुडालेल्या बाईचा पोशाख कोणी घरात ठेवतं का? पण छुनबोकच्या तोंडावर बोलायची कोणाची छाती नव्हती. रबर मिळत नव्हतं, आणि मला विचाराल तर तिला लेकीची वस्तू टाकवतही नव्हती.

इंजा काडी होती. केह्वा मुळात रुंद हाडापेराची, त्यात पाजती बाई. रोज सकाळी मी आणि छुनबोक तिला त्या पोशाखात अक्षरशः कोंबायचो.

"आई, छातीशी फार आवळतंय. जरा सैल करता येईल का?" केह्वाने पहिल्याच दिवशी विचारलं.

"सैल केला तर पाणी शिरतं," छुनबोक म्हणाली. "श्वास आत घे. अजून घे. हं, बसला."

"बसला कसला, गिळला तिला," मी म्हटलं. सगळ्या हसल्या. केह्वाही हसली.

त्याच संध्याकाळी तिच्या डाव्या छातीत पहिली गाठ आली. बाहेरच्या अंगाला, लिंबाएवढी. सकाळपासूनचं दूध साचलेलं. घरी टोपलीचा पाळणा हलवत बसलेल्या शेजारणीने तिच्या लेकीला, छोट्या उंजूला, भाताची पेज पाजून कसंबसं निजवलेलं. पोर आधीच पोटभर, ती ओढणार किती? छुनबोकने तिच्या पद्धतीने इलाज केला. शेकोटीत तापवलेला गोटा फडक्यात गुंडाळून गाठीवर ठेवायचा, आणि वरून अंगठ्याने रगडायचं. केह्वा तोंडात फडक्याचा बोळा धरून बसायची. वर दिवसातून तीन वेळा समुद्रशेवाळाचं कढण, दूध मोकळं व्हावं म्हणून.

"अगं, दूध निघत नाही म्हणून रडतेय आणि तू अजून दूध भरतेस?" मी म्हटलं.

"तू किती पोरांना पाजलंस, गापसेंग?"

मला मूल नाही. हे ठाऊक असूनच ती बोलली. मला राग आला.

भांगाच्या, म्हणजे मंद भरतीच्या दिवसांत पाणी संथ असतं, तेव्हा आम्ही समुद्रात. उधाण आलं की आम्ही शेतात, बार्लीत आणि लसणात. केह्वाची गाठ भांगात यायची आणि उधाणात विरघळून जायची. पुढचा भांग आला की पुन्हा तिथंच, त्याच जागी. दर खेपेला थोडी मोठी, थोडी जास्त दुखरी.

एकदा होडी परतल्यावर केह्वाने मला बुलतोकच्या कोपऱ्यात ओढलं.

"मावशी, कोणाला सांगू नका. हे बघा."

तिने सदरा वर केला. गाठीवरची कातडी लालभडक होती आणि तिच्यावर पाच आखूड, खोल खुणा होत्या. कोणीतरी पंजा रोवून धरावं तशा.

"कोणी मारलं?"

"कोण मारणार? नवरा तर बुसानच्या बोटीवर."

"मग सासू?"

"आईंच्या अंगठ्याची खूण गोल उठते. ही त्यांची नाही." तिने खुणांवर आपली बोटं ठेवून दाखवली. "खाली असताना मला कळतं, मावशी. कोणीतरी इथं धरतं. मी जितकी खोल जाते तितकं घट्ट."

मी भुतांना भीत नाही. भुतंच माझ्या तोंडाला भीत असतील. पण त्या खुणांना बोट लावायला मी धजले नाही, खोटं कशाला बोलू? तेवढ्यात तापलेला गोटा घेऊन छुनबोक मागे येऊन उभी राहिली. तिने त्या खुणा पाहिल्या. एरवी संध्याकाळी घरी जाईपर्यंत त्या पुसट होऊन जात, त्यामुळे तिच्या कधी नजरेस पडल्या नव्हत्या. गोटा तिच्या हातातून निसटला आणि माझ्या पायापाशी पडून फुटला. ती ओल्या केसांनीच तडक देवऋषिणीच्या घरी गेली.

दुसऱ्या दिवशी गावभर झालं. देवऋषीण म्हणाली, हा इंजाचा हात आहे. तान्हं पोर मागे ठेवून बुडालेल्या बाईचं दूध आटत नाही, ती पाण्याखाली पोर शोधत फिरते. वहिनीच्या छातीत दूध आहे हे तिला कळलंय. केह्वाने समुद्र सोडला तर इंजा काठ चढून घरात येईल, सरळ उंजूच्या टोपलीपाशी. म्हणून केह्वाने पाण्यात जात राहायचं, तोच पोशाख घालायचा, नाहीतर दिलेली वस्तू नाकारली म्हणून इंजाला राग येईल, आणि रोज उतरण्याआधी थोडं दूध समुद्रात पिळायचं.

मी छुनबोकला लसणाच्या शेतात गाठलं.

"तुला पटतं हे?"

"पटतं."

"अगं, उधाणात गाठ येत नाही. ती काय इंजाची सुट्टी असते?"

"उधाणात केह्वा पाण्यात नसते. इंजाला ती सापडत नाही."

मी दुसरी बाजू धरली. "निदान तिला काठाच्या उथळ पाण्यात उतरू दे. मधून मधून वर येईल, पोरीला पाजेल."

"उथळ पाणी म्हाताऱ्यांचं. धडधाकट बाई तिथं उतरली तर म्हाताऱ्यांनी खायचं काय? म्होरकीच्याच सुनेने नियम मोडायचा?" आणि मग खुरपं खाली ठेवून, माझ्याकडे न बघता म्हणाली, "गापसेंग, मी एक लेक दिली आहे. नात देणार नाही. मी रोज तिच्या शेजारीच बुडी मारते. मी आहे."

मला तिचा राग येत होता आणि तिची दयाही येत होती. मी तिच्या शेजारची लसणाची ओळ खुरपायला घेतली.

त्यानंतरचा भांग मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. रोज सकाळी केह्वा खडकावर बसून पाण्यात दूध पिळायची. पांढरी रेघ हिरव्या पाण्यात पसरायची आणि बायका नजर फिरवायच्या. पूर्वी केह्वाशी थट्टा करणाऱ्या बायका आता तिच्याशेजारी कपडे बदलेनात. होडीतही तिच्या दोन्ही बाजूंना जागा रिकामी राहायची. एका बाजूला मी बसायला लागले. तिच्या दंडाला दंड लागला की तो गरम लागायचा.

"ताप आहे तुला."

"नाही, मावशी."

"मग मी काय बर्फाची आहे?"

"सांगू नका आईंना. मी घरी राहिले तर इंजा पोरीपाशी जाईल." ती समोर बघत बोलत होती. "काल उंजू दूध पिताना मधेच थांबली आणि माझ्या खांद्यामागे बघून हसली. मागे कोणी नव्हतं."

पोरं भिंतीकडे बघूनसुद्धा हसतात. मी तिला तसं म्हटलंही. पण तिच्या डोळ्यांत जे होतं त्याला माझं बोलणं पुरलं नाही.

त्या दिवशी वारा पडला होता आणि पाणी तेल ओतल्यासारखं गुळगुळीत होतं. असलं पाणी मला आवडत नाही. होडीने आम्हाला लांबच्या खडकांवर सोडलं. छुनबोक केह्वाच्या शेजारी, मी थोडी पलीकडे. केह्वाची शिट्टी येत होती, पण ती शिट्टी कसली, रडका श्वास. दुपार झाली तशी ती अजून आखूड झाली. वर आल्यावर दम घ्यायला धरायचा माझा तरंगता भोपळा मी तिच्या बाजूला ढकलत नेला.

मग छुनबोक वर आली. तिची शिट्टी आली. पलीकडच्या दोघी वर आल्या. त्यांच्या शिट्ट्या आल्या. मी खाली जायचं सोडून भोपळ्याला धरून ऐकत राहिले. केह्वाचा भोपळा एकटाच डुलत होता.

"छुनबोक! केह्वा?"

तिने वळून त्या भोपळ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर आलं ते मी आदल्या वर्षी पाहिलं होतं. पुरता दम न घेताच ती खाली गेली. मीही गेले, पण मी तिच्याइतकी खोल कधीच जाऊ शकत नाही. खाली धूसर हिरव्यात मला एवढंच दिसलं, की केह्वा खडकाला टेकून बसल्यासारखी होती, एक हात डाव्या छातीवर दाबलेला, आणि छुनबोक तिला काखेत धरून वर खेचत होती.

होडीत तिला उपडी घातली. पाणी निघालं. मग खोकला. मग रडणं. मीही रडले, आणि नावाड्याला उगाचच शिव्या घातल्या, होडी हळू चालवतो म्हणून.

बुलतोकमध्ये आग पेटवली. केह्वा तापाने फणफणली होती आणि अंगाला घट्ट चिकटलेलं रबर निघत नव्हतं. आम्ही दोघींनी ते खांद्यापासून सोलून काढलं, तसं ते आतली बाजू बाहेर होऊन उलटलं. मी ते बाजूला फेकणार, तेवढ्यात छुनबोकने माझं मनगट धरलं.

पोशाखाच्या डाव्या छातीवर एक ठिगळ होतं. इंजाच्याच वेळी खडकावर फाटलं तेव्हा लावलेलं. बाहेरून डिंक फासून गुळगुळीत, कोणाच्या लक्षातही येणार नाही असं. आतून मात्र मासेमारीच्या जाड दोऱ्याचे टाके होते. पाच. गाठी मारलेले, चण्यासारखे टणक.

छुनबोकने केह्वाच्या छातीवरच्या पाच खुणांकडे पाहिलं. मग टाक्यांकडे. मग आपल्या हातांकडे. ती उठली आणि धावत घरी गेली. त्या वयाच्या बाईला तसं धावताना मी पाहिलं नव्हतं. येताना उंजूला छातीशी धरून आणलं आणि केह्वाच्या कुशीत दिलं. पोर त्याच दुखऱ्या बाजूला लागली. केह्वा कळवळली, पण तिने तिला दूर केलं नाही.

केह्वाला तालुक्याच्या गावी लसणाच्या ट्रकमधून नेलं. डॉक्टर तुसडा होता, पण नीट होता. गाठ पिकायच्या आत आणलीत, म्हणाला. तापावर औषध दिलं. रगडणं बंद. तापलेले गोटे बंद. शेकायचं नाही, उलट गार फडकं ठेवायचं. पोर मागेल तेव्हा पाजायचं, दुखऱ्या बाजूलाही, पण जोर करून पिळून काढायचं नाही. छातीवर घट्ट काही नको, आणि पाजल्याशिवाय अर्धा अर्धा दिवस काढायचा नाही. छुनबोक ऐकत राहिली, एकदाही उलटून बोलली नाही. हे मला त्या सगळ्या प्रकारापेक्षा भीतिदायक वाटलं.

घरी आल्यावर ती ओहोटीच्या डबक्यातले गार गोटे आणून फडक्यात गुंडाळायची आणि सुनेच्या छातीवर नुसते टेकवून ठेवायची. दाबायची नाही. ताप उतरला. गाठ मऊ झाली, मग नाहीशी झाली. केह्वा हसायला लागली, मला बोका म्हणायला लागली. पण छुनबोक घरात असून नसल्यासारखी वावरायची.

पुढचा भांग आला त्या सकाळी देवऋषीण घंटा आणि कागदाची फुलं घेऊन किनाऱ्यावर आली. इंजाने वहिनीला खाली ओढलं, आता मोठी पूजा लागेल, म्हणाली. सगळ्या बायका बुलतोकभोवती जमल्या होत्या. केह्वा उंजूला पाजत शेकोटीपाशी बसली होती आणि तिचा चेहरा पुन्हा पांढरा पडायला लागला होता.

छुनबोक आली. तिच्या एका हातात इंजाचा पोशाख होता, दुसऱ्या हातात अबलोन उपटायची लोखंडी पट्टी. तिने पोशाख उलटा करून दगडावर पसरला.

"पूजा नको," ती म्हणाली. "इंजाने कोणाला ओढलेलं नाही."

"मग तुझ्या लेकीच्या अंगावरची बोटं कोणाची होती?" देवऋषीण म्हणाली. "तूच मला सांगितलंस. तिला शेवटची अंघोळ घातलीस तेव्हा डाव्या छातीवर पाच बोटं उठली होती. समुद्राने धरलं, म्हणालीस."

आम्हाला कोणालाच हे माहीत नव्हतं.

"हो, म्हणाले." छुनबोकने ठिगळावर बोट ठेवलं. "या बघा समुद्राची बोटं. मी घातलेले टाके आहेत हे. दोरा माझा, गाठी माझ्या." तिने पट्टीचं टोक टाक्यांखाली घातलं आणि एकेक उपटायला लागली. रबर जाड होतं, पण तिने कोणाला मदत करू दिली नाही. "तिलाही गाठ यायची. तिलाही ताप होता. मी गोटा तापवून रगडायचे."

"छुनबोक, पुरे," मी म्हटलं.

"आई, जरा सैल कर, म्हणाली होती. बुडाली त्याच दिवशी सकाळी." पाचवा टाका निघाला. ठिगळ सुटलं, आणि पोशाखाच्या छातीत हात जाईल एवढं भोक पडलं. "मी म्हटलं, सैल केला तर पाणी शिरतं."

देवऋषिणीने घंटा अंगरख्याखाली घेतल्या. मग म्हाताऱ्यांपैकी सगळ्यांत वयस्कर बाई उठली, तिने आपला जुना सुती पोशाख केह्वाच्या मांडीवर ठेवला आणि उथळ पाण्याच्या दिशेने मानेने खूण केली. त्या दिवशी होडी छुनबोकशिवाय गेली. केह्वा काठाजवळ बुडी मारत होती, आणि छुनबोक खडकावर नातीला घेऊन बसली होती. कोणाचीही शिट्टी आली की ती मान वर करायची, केह्वाचं डोकं पाण्यावर दिसेपर्यंत बघत राहायची, आणि मग पुन्हा नातीकडे वळायची.